लाकूड ठेवायचा भिंतीचा रॅक: भार जमिनीवर, भिंतीला फक्त आधार

भिंतीवरचा लाकडाचा रॅक कोसळतो तो बहुधा हात (खांबातून पुढे आलेले दांडे, ज्यांवर फळ्या ठेवतात) मोडून नाही, भिंतीतला बोल्ट उपटून. एक घनफूट सागवान साधारण 18 ते 20 किलो भरते. 25 घनफूट माल चढला की जवळपास अर्धा टन झाला. म्हणून खांब थेट जमिनीवर उभे करा आणि भिंतीला फक्त पकडून ठेवा. अर्ध्या विटेच्या (साडेचार इंची) भिंतीवर मात्र हेही नको.

40×40 मिमीचा, 2 मिमी जाडीचा चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप घ्या. 20 फुटी दोन लांब्या पुरतात: एकीतून 6 फुटांचे तीन खांब, दुसरीतून फूटभराचे बारा हात. घेताना वजन करून घ्या. लांबी 14 किलोच्या आसपास हवी. 12 भरली तर पत्रा 1.6 मिमीचा आहे. शिवाय खांबाखाली 100×100×6 मिमीच्या तीन प्लेटा, आणि 50×6 मिमी पट्टीचे 6 इंची सहा कान, म्हणजे खांब भिंतीला पकडणाऱ्या पट्ट्या.

हातांची उंची जमिनीपासून दीड, तीन, सव्वाचार आणि सव्वापाच फूट. जड माल खाली, हलका वर. प्रत्येक हाताचे टोक मुळापेक्षा 15 मिमी वर राहील असा तिरका काप घ्या, म्हणजे फळ्या पुढे घसरत नाहीत.

वेल्डिंगला घाई नको. तिन्ही खांब जमिनीवर शेजारी ठेवून हातांच्या खुणा एकाच वेळी आरपार मारा. चारही बाजूंना आधी फक्त टाके (वेल्डचे छोटे ठिपके) घाला, उतार तपासा आणि मगच शिवण पूर्ण करा. वेल्ड थंड होताना आकसते. एकच बाजू आधी पूर्ण भरली तर हात त्या बाजूला ओढला जातो. हाताच्या वरची शिवण ताणात असते. ती दिसायला गुळगुळीत करण्यासाठी ग्राइंडर मारणे म्हणजे ताकद घासून टाकणे.

कान खांबाच्या मागे आडवे जोडा, एक वरच्या टोकाशी, एक मध्ये, आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंना एकेक भोक. बोल्ट थेट पाइपातून आरपार घातला तर आवळताना पाइप चेपतो.

खांबांमधले अंतर अडीच फूट. 8 फुटी फळी दोन्हीकडे दीड-दीड फूट बाहेर राहते, ते चालते. ओळंब्याने खांब सरळ करा आणि लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तिन्ही खांबांचे हात एका पातळीत आणा. फरशी उंचसखल असेल तर प्लेटखाली पातळ पत्रा सारा. एक हात जरी खाली राहिला तरी महिनोन्‌महिने पडून असलेल्या फळीला पीळ बसतो.

भोके विटेच्या मध्यात घ्या, सांध्यात नाही. प्लास्टर काही पकड देत नाही, म्हणून ते धरून किमान 80 मिमी खोल जा आणि आतली भुकटी फुंकून काढा, नाहीतर प्लग फिरतो. 10 मिमीचा नायलॉन प्लग आणि लांब स्क्रू पुरतो. एका खांबावर 200 किलो असले तरी वरच्या कानावर 25 किलोच्या आतच ओढा येतो. तेवढाच भार फूटभर उंचीच्या सुट्या ब्रॅकेटवर टाकला, तर वरच्या बोल्टवर सव्वाशे किलोच्या वर जातो! पोकळ ब्लॉकच्या भिंतीत मात्र हा प्लग नको. आरपार स्टड (आट्यांची सळई) टाकून मागे प्लेट लावा.

रेड ऑक्साइडचा हात देऊन वर ऑइल पेंट मारा. हातांवर लाकडी पट्टी बसवा, कारण ओलसर लाकूड लोखंडाला टेकले की काळा डाग पडतो आणि तो रंध्यानेही सहज जात नाही. सगळ्यात वरच्या हातांची टोके डोळ्यांच्या पातळीत येतात, त्यांना प्लास्टिकची टोपणे आणि पिवळा रंग द्या.

8×4 चे प्लायचे तक्ते या रॅकवर चढवू नका. ते कडेवर उभेच ठेवायचे.