निवडणुकीच्या जुन्या ताटल्या आणि भांडी जमवताना या चुका टाळा

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये उमेदवारांच्या नावाच्या ताटल्या, वाडगे, जग निघत. १७५४ची ‘कॅल्व्हर्ट अँड मार्टिन फॉर ट्यूक्सबरी’ ही डेल्फ्टवेअर ताटली त्यातलीच. अशा वस्तूंची नासाडी बहुतेक वेळा घरी आणल्यानंतर होते.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे ब्लीच. डेल्फ्टवेअर म्हणजे सच्छिद्र माती आणि तिच्यावर कथिलाची पांढरी, अपारदर्शक झिलई. काठाचे टवके उडालेले असतातच, तिथून आणि तड्यांतून ब्लीच आत मुरतं. ताटली पांढरीशुभ्र होते, फोटो काढले जातात, कौतुक होतं. मात्र आत राहिलेल्या क्षारांचे नंतर स्फटिक होतात आणि ते झिलईला खालून उचलतात. निळ्या अक्षरांसकट पापुद्रे गळू लागतात. उमेदवाराचं नावच गेल्यावर त्या ताटलीत उरतं काय? मऊ ब्रशने धूळ झाडा, डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओला केलेला कापूस फिरवा, लगेच कोरडं करा. डाग राहिला तर राहू द्या. गरम पाण्यात तर बुडवूच नका, जुना सरस सुटून जोडलेले तुकडे हातात येतात.

दुसरी चूक म्हणजे नाव दिसलं की निवडणूक ठरवून टाकणं. जॉन विल्क्स या बंडखोर इंग्लिश राजकारण्याचंच पाहा. मार्च १७६८ ते एप्रिल १७६९ या काळात मिडलसेक्समधून तो चार वेळा निवडून आला. १७६९च्या तिन्ही निवडी संसदेने धुडकावल्या आणि अखेर २९६ मतं मिळालेल्या लट्रेल या प्रतिस्पर्ध्याला जागा दिली; विल्क्सची मतं होती १,१४३. भांड्यावरचा ‘४५’ हा आकडा मात्र त्याच्या वृत्तपत्राच्या १७६३मधल्या अंकाचा आहे. त्यावरून मतदानाचं साल काढता येत नाही. आधी मतदारसंघ आणि प्रतिस्पर्धी शोधा, मग किंमत बोला. एवढा धीर नसणाऱ्यांनी विल्क्सच्या वाटेला जाऊ नये.

‘रिफॉर्म कॉर्डियल’ लिहिलेल्या तपकिरी दगडी बाटल्या १८३२च्या संसदीय निवडणूक-सुधारणा विधेयकाच्या चळवळीतल्या आहेत, कुठल्या मतदारसंघाच्या नव्हेत.

बुडाला ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर ती वस्तू अठराव्या शतकातली नाही.

स्प्रिंगचे तारेचे हँगर काठाचा टवका उडवतात. ताटली स्टँडवर ठेवा.

डेल्फ्टवेअरचा काठ अगदी अखंड दिसला तर अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. डागडुजीचा नवा रंग आणि भरलेला भाग बहुधा मूळ झिलईहून वेगळा चमकतो. विक्रेता टॉर्च लावू देत नसेल तर ताटली तिथेच ठेवा.