पंखा उगाच ओरडतोय? आधी इंटरप्ट मोजा

लिनक्स टाकलेला लॅपटॉप. काही उघडलेलं नाही, तरी पंखा घोंघावतोय आणि बॅटरी बघता बघता उतरतेय. असं मशीन दुकानात आलं की स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मी ‘टॉप’ चालवतो, म्हणजे प्रोसेसर कोण किती खातंय ते दाखवणारी कमांड. सगळ्यात वर ‘केवर्कर’ (कर्नलचा कामगार) आणि त्याच्या शेपटीला ‘केएसीपीआयडी’ दिसलं, आणि तो एक कोअर जवळजवळ अख्खा खात असेल, तर पंख्याचा दोष नाही. फर्मवेअर (मदरबोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सतत हाका मारतंय आणि बिचारा कर्नल दर हाकेला उठून बघतोय.

या हाकेलाच इंटरप्ट म्हणतात. ती कुठून येते ते ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’ या फाइलमध्ये दिसतं. ‘वॉच’ लावून ती दर सेकंदाला ताजी करत ठेवा. बहुतेक वेळा आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) ९, म्हणजे एसीपीआयची (पॉवर, बॅटरी, झाकण यांच्या खबरा देणाऱ्या व्यवस्थेची) ओळ, धावताना दिसेल. पण या एकाच ओळीमागे जीपीई नावाच्या कितीतरी घंट्या असतात. त्यांचे वेगवेगळे आकडे ‘/सिस/फर्मवेअर/एसीपीआय/इंटरप्ट्स’ या फोल्डरमध्ये मिळतात. परवाच्या मशीनवर जीपीई १३ चाळीस लाखांच्या पुढे गेली होती, बाकीच्या शून्यावर नाहीतर दोन आकड्यांत. चोर असा उघडाच सापडतो.

लगेच गळा दाबू नका. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) एम्बेडेड कंट्रोलरची, म्हणजे झाकण, चार्जर, बटणं सांभाळणाऱ्या ईसी या छोट्या चिपची, ओळ शोधा, त्याची जीपीई कोणती ते तिथे लिहिलेलं असतं. तोच नंबर ओरडत असेल तर तो बंद केल्यावर झाकण, चार्जर, ब्राइटनेसची बटणं यांच्या खबरा थांबू शकतात. अशा वेळी मशीन बंद करून चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. ईसी कधीकधी एवढ्यानंच ताळ्यावर येतो.

नंबर ईसीचा नसेल, तर त्या जीपीईच्या फाइलमध्ये रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन ‘डिसेबल’ हा शब्द लिहा. ‘सुडो’ म्हणजे रूटच्या हक्कानं कमांड चालवणं, पण ‘सुडो एको’ करून बाण (>) दिलात तर परवानगी नाही म्हणेल, कारण फाइल तुमचं शेल उघडतं, सुडो नाही. मधे ‘सुडो टी’ घाला, म्हणजे फाइल ‘टी’ ही कमांड रूट म्हणून उघडेल. पंखा मिनिटाभरात बसतो. मग झाकण मिटा-उघडा, चार्जर काढा-लावा, मशीन झोपवून उठवा आणि आकडा पुन्हा बघा. काही मशीनवर उठल्यावर ती जीपीई परत सुरू होते. सगळं ठीक असेल तर ग्रबच्या (बूट होताना येणाऱ्या) मेनूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीला ‘एसीपीआय_मास्क_जीपीई’ आणि तो नंबर जोडा. तो हेक्साडेसिमल (सोळाच्या पायावरचा) असतो, म्हणून १३ च्या आधी ‘०एक्स’ हवंच. हा बदल एका बूटपुरताच टिकतो. पटला तर ‘/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये कायम करा.

दुसरा प्रकार वेगळा. माउस अचानक अडखळतो आणि लॉगमध्ये येतं, ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’. एका लाइनवर दोन-तीन उपकरणं असतात. एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून जास्त कुणीच आपले मानले नाहीत, की कर्नल ती लाइनच कापतो. शेजारचं यूएसबीही भरडलं जातं. ‘एलएसपीसीआय -व्ही’मध्ये १६ वर कोण कोण आहे ते बघा आणि दर वेळी रीबूट करून एकेकाचा ड्रायव्हर ‘मॉडप्रोब -आर’नं उतरवून तपासा. न वापरातलं उपकरण सापडलं तर बायोसमधूनच बंद करा.

संदेशात ‘आयआरक्यूपोल’ हा बूटचा पर्याय लावून बघा असं सुचवलेलं असतं. निदानापुरतं ठीक, पण मशीन मंदावतं. गिऱ्हाइकाला तसं देऊ नये. एमएसआय बंद करणारा ‘पीसीआय=नोएमएसआय’ हा पर्याय तर बहुधा उलटंच काम करतो. एमएसआयमध्ये उपकरण वायर न ओढता मेमरीत लिहून हाक देतं, म्हणून भांडण नसतं. ते बंद केलंत की सगळ्यांना परत एकाच लाइनवर आणून बसवलंत.

हे सगळं ठिगळ. मूळ दुरुस्ती बायोस अपडेटमध्येच, म्हणून ‘डीएमआयडीकोड’नं आवृत्ती बघून नवं अपडेट आहे का ते ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर’ला विचारा. अपडेट झाल्यावर मास्क काढून आकडे पुन्हा मोजा. बिलाच्या मागे जीपीईचा नंबर लिहून ठेवला की सहा महिन्यांनी डोकं खाजवावं लागत नाही.