पेन्सिलीची रेघ आणि पांढरी पूड

घरी विमान बांधायला घेतलं तेव्हा गंज म्हणजे लोखंडाची भानगड, असंच मी धरून चाललो होतो. ॲल्युमिनियम कशाला गंजतंय? हा गैरसमज पंखाच्या एका रिबने, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पत्र्याच्या फासळीने काढला. तिच्यावर भोकांच्या जागा आखायला मी साधी शिसपेन्सिल वापरली होती. रिब प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवली आणि सहा-सात महिन्यांनी बाहेर काढली. फडक्याने रेघ पुसली तर काळा रंग निघाला, रेघ मात्र राहिली. नख फिरवलं तर नखाला लागत होती. भिंग लावून पाहिलं, तर रेघेच्या जागी सुईच्या टोकाएवढ्या खड्ड्यांची माळ होती आणि खड्ड्यांच्या तोंडाशी पांढरी पूड.

शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. ग्राफाइट वीज वाहून नेतं, आणि ॲल्युमिनियमशी त्याचं अजिबात जमत नाही. दोघांमध्ये जराशी दमट हवा आली की एक इवलीशी बॅटरी तयार होते. तीत झिजायचं काम ॲल्युमिनियमकडे येतं. तेव्हापासून माझ्याकडे आखणीला फक्त बारीक टोकाचा मार्कर असतो. धारदार सुईने ओरखडून रेघ मारायची तर ती कापून टाकायच्या कडेवरच, कारण उरलेल्या पत्र्यावरच्या ओरखड्यातून पुढे तडा सुरू होऊ शकतो.

नव्याने या कामात येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, ‘प्रायमर कुठला मारू?’ मीही तोच विचारला होता आणि दहा जणांकडून दहा उत्तरं मिळाली होती. आता मला तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न आहे, हातातला पत्रा कुठल्या मिश्रधातूचा आहे?

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप एक अतिशय पातळ, घट्ट थर बसतो. तोच त्याचं चिलखत. पाणी साधारण ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान असेल तर हा थर टिकतो. त्याहून जास्त आम्ल किंवा जास्त अल्कली लागलं की विरघळतो. म्हणूनच कडक अल्कलीचे साफसफाईचे द्रव विमानाजवळ आणू नयेत. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, त्याचं विमान होत नाही. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्मला दिसलं, की तांबं आणि मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केलं, की पुढचे काही दिवस ते आपसूक कडक होत जातं. आजचा २०२४-टी३ पत्रा (हा मिश्रधातूचा क्रमांक आहे, साल नव्हे) त्याच घराण्यातला. त्यात ४ टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. ताकद त्यामुळेच येते आणि गंजही त्यामुळेच. तांब्याने समृद्ध असे सूक्ष्म कण धातूत विखुरलेले असतात आणि ओल मिळाली की प्रत्येक कण शेजारच्या ॲल्युमिनियमला खायला लागतो. यावर उपाय म्हणून १९२० च्या दशकात अल्क्लॅड पत्रा आला, म्हणजे आत २०२४ आणि दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमची साय. ओरखडा पडला तरी ही साय आधी स्वतः झिजते आणि गाभ्याला वाचवते.

ती किती जाड असते, हे मात्र हिशेब करून बघा. पातळ पत्र्यात दर बाजूला जाडीच्या साधारण ५ टक्के. ०.६ मिमीच्या पत्र्यावर ०.०३ मिमी, म्हणजे केसापेक्षाही बारीक. पॉलिश पेपर लावलेलं यंत्र उत्साहाने फिरवलंत तर ती अर्ध्या मिनिटात गायब होईल आणि डोळ्यांना कळणारही नाही, कारण आतबाहेर रंग एकच. कापलेल्या कडा, भोकांच्या आतल्या भिंती आणि रिव्हेटचं (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीचं) डोकं बसवायला कोरलेले खोलगट खळगे, इथे साय नसतेच. माझं प्रायमर सगळ्यात आधी या जागांवर जातं. तुमच्या विमानाच्या सुट्या भागांच्या संचात ६०६१-टी६ हा दुसरा मिश्रधातू असेल तर निम्मी काळजी कमी. त्यात तांबं अगदी थोडं असल्याने तो मुळातच सोशिक आहे. समुद्रापासून दूर, कोरड्या हँगरमध्ये राहणाऱ्या विमानात तो आतून उघडा ठेवणारे बरेच आहेत आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता सफाई. इथे मी सपशेल आपटलो आहे. शेपटीचे वीसेक भाग मी ॲसिटोनने पुसले, एपॉक्सी प्रायमर फवारला, चार दिवस सुकू दिला आणि खात्रीसाठी चिकटपट्टी दाबून ओढली. सापाची कात निघावी तसा प्रायमर पट्टीबरोबर आला. चूक फडक्याची होती. एकाच फडक्याने वीस भाग पुसताना मी पहिल्या भागाचं तेल उरलेल्या एकोणीस भागांना नीट चोपडलं होतं. आता दोन फडकी असतात. एकाने द्रावण लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. दोन्ही वारंवार बदलायची. मग तपकिरी-लाल नायलॉनच्या घासणीने पृष्ठभाग हलकासा मंद करायचा, म्हणजे प्रायमरला धरायला जागा मिळते. स्टील वूल आणि लोखंडी तारेचा ब्रश मात्र चुकूनही नको. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि प्रत्येक कणाभोवती पुढे पेन्सिलीचीच गोष्ट घडते.

सफाई झाली की नाही हे पाणी सांगतं. भाग उभा धरून त्यावर स्वच्छ पाणी सोडा. पाण्याचा सलग पडदा टिकला तर धातू स्वच्छ. पडदा कुठे फाटला, थेंब गोळा झाले, तर तिथे तेल आहे. बहुतेक वेळा ते थेंब तुमच्याच अंगठ्याच्या आकाराचे असतात! घामात मीठ असतं, म्हणून यानंतर हातमोज्यांशिवाय भागाला शिवायचं नाही.

यापुढची पायरी सगळे करत नाहीत. फॉस्फरिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने धुऊन, खळबळून, लगेच अलोडाइनसारखं क्रोमेटचं (क्रोमियमच्या क्षाराचं) गंजरोधक द्रावण लावायचं. दोन-तीन मिनिटांत चकचकीत पत्र्यावर फिकट सोनेरी झाक चढते. जास्त वेळ ठेवलंत तर तपकिरी, भुकटीसारखा थर होतो आणि त्यावर प्रायमर धरत नाही. द्रावण भागावर सुकू द्यायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं. ओला थर मऊ असतो, बोट लागलं तरी खरवडतो. सुकल्यावर एका दिवसाच्या आत प्रायमर. हे द्रावण सहासंयुजी क्रोमियमचं असेल तर ते कर्करोगकारक आहे. हातमोजे, चष्मा, मास्क यांत तडजोड नको आणि धुतलेलं पाणी गटारात न सोडता डब्यात साठवायचं. द्रावण शोषलेली फडकी तशीच सुकली तर पेट घेऊ शकतात, म्हणून टाकण्याआधी ती पाण्यात नीट खळबळून घ्यायची. ते पाणीही त्याच डब्यात जमा करायचं. हा व्याप झेपत नसेल तर चांगली सफाई आणि दोन घटक मिसळून करायचं एपॉक्सी प्रायमर एवढ्यावर थांबा. खाली क्रोमेट पण सफाई वाईट, यापेक्षा ते कधीही बरं. सेल्फ-एच प्रायमर, म्हणजे स्वतःच धातू किंचित कोरून धरणारा, सोयीचा आहे, पण बहुतेक सेल्फ-एच प्रायमर एकटे ओल अडवत नाहीत, वरून रंग लागतोच. आणि इंधनटाकीच्या आत प्रायमर नको. तिथे सीलंट (गळती रोखणारा लेप) थेट स्वच्छ, घासलेल्या धातूलाच धरायला हवं.

हाताला येईल तिथे प्रायमर मारून लोक समाधानी होतात, पण गंज बसतो तो पत्रा आणि रिब एकमेकांना चिकटतात त्या फटीत. तिथे केशाकर्षणाने पाणी शिरतं आणि सुकत नाही. म्हणून जोडण्याआधी दोन्ही समोरासमोरचे पृष्ठभाग रंगवून घ्या. रिव्हेट मारल्यावर ती जागा पुन्हा कधीच दिसणार नाही.

वेगळे धातू एकत्र येतात तिथे आकारमानाकडे लक्ष ठेवा. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात छोटा स्टीलचा बोल्ट फारसा त्रास देत नाही. मोठ्या स्टेनलेसच्या पट्टीत छोटा ॲल्युमिनियमचा रिव्हेट मात्र लवकर संपतो, कारण सगळा मारा त्या एकट्यावर येतो. याच कारणाने रंगवायचं तर आधी स्टील रंगवा. फक्त ॲल्युमिनियम रंगवलंत, तर रंगातल्या टाचणीएवढ्या एका छिद्रावर सगळा जोर एकवटतो. विमानाच्या बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो, ते पिवळसर दिसतात ते त्यावरच्या क्रोमेटच्या थरामुळे, आणि कॅडमियम या बाबतीत ॲल्युमिनियमच्या जवळचं आहे. हे बोल्ट चकचकीत करायला घासू नका. मुलामाही जातो आणि त्याची धूळ विषारी असते. कार्बन फायबर ॲल्युमिनियमला टेकत असेल तर मध्ये काचतंतूचा एक थर हवाच. कार्बन म्हणजे पुन्हा पेन्सिलच की!

पत्र्यावर येणाऱ्या निळ्या संरक्षक फिल्मबद्दल एवढंच, की ती वर्षानुवर्षं ठेवू नका. खाली ओल अडकते आणि तिचा गोंद असा घट्ट होतो की काढताना रडू येतं. पत्रे साठवताना आडवे एकावर एक रचण्यापेक्षा मध्ये हवा खेळेल असे उभे ठेवावेत.

विमान उडायला लागल्यावर गंज कुठे येतो, हे मला पहिल्या दोन वार्षिक तपासण्यांत कळलं. पंखात सगळं कोरडं होतं. सीटखालचा पत्रा उचलला तर फोमच्या गादीचा आकार पांढऱ्या पुडीत छापलेला होता, कारण एकदा दार उघडं राहून गादी भिजली होती आणि मी ती तशीच परत ठेवली होती. दुसऱ्या वर्षी शेपटीत उंदराचं घरटं निघालं. उंदराचं मूत्र हे ॲल्युमिनियमचं मोठं वैरी आहे. घरट्याखाली चवलीएवढ्या जागेत प्रायमर फुगला होता आणि त्याखाली धातूला खड्डे होते. पुढे तिथे एक छोटा पॅच मारावा लागला. आता जमिनीवर असताना सगळ्या छिद्रांना जाळ्या असतात. गंजरोधक पातळ तेल मी आतून फवारतो, पण ते बाहेरचा रंग पूर्ण झाल्यावरच, कारण ते रिव्हेटमधून झिरपत राहतं आणि त्यावर रंग बसत नाही.

प्रत्येक कप्प्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला निचऱ्याचं भोक असतं. विमान जमिनीवर ज्या कोनात उभं राहतं त्या कोनातला सर्वांत खालचा बिंदू, नकाशावरचा नव्हे. माझी दोन भोकं चुकली होती, नंतर पाडली. दर तपासणीला ती मोकळी करतो. तारेने नाही, प्लास्टिकच्या केबल-टायने, म्हणजे कडेचा प्रायमर शाबूत राहतो.