रेंजफाइंडर घ्यायचाय? आधी खिडकीतून बघा, लेन्सचं नंतर

गेल्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला, "मामा रेंजफाइंडर घ्यायचाय, रोज बॅगेत ठेवायला, बजेट पंधरा हजार, एफ १.७ वालाच घेऊ ना? की २.८ पण चालेल?" रेंजफाइंडर म्हणजे जुन्या रोलवाल्या कॅमेऱ्यांचा एक प्रकार, आणि एफ म्हणजे लेन्स किती उघडते त्याचा आकडा, जेवढा लहान तेवढा उजेड जास्त. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात आणि सगळ्यांची गाडी लेन्सपासूनच सुरू होते, ज्यातून बघायचं त्या खिडकीचं कोणी विचारत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढतोय, पुढच्याला हेच पाठवून मोकळा.

ज्यांनी हा प्रकार कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशावाल्या कॅमेऱ्यात, लेन्समधून आलेलं चित्रच आरशावरून तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतं. रेंजफाइंडरमध्ये लेन्स वेगळी, बघायची खिडकी वेगळी. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो, त्याला पॅच म्हणतात, त्यात बाजूच्या दुसऱ्या छोट्या खिडकीतून आलेलं चित्र पडतं. फोकस नसेल तर समोरच्या माणसाला दोन नाकं दिसतात, रिंग फिरवत जायची, दोन्ही नाकं एकावर एक बसली की झाला फोकस. आरसा नाही म्हणून खटॅक आवाज नाही, आणि खाली लिहिलेत त्यातल्या जपानी कॅमेऱ्यांचं शटर लेन्समध्येच असतं, नुसतं टिक होतं, शेजारी बसलेल्याला कळतही नाही.

आता यातली गंमत. खिडकी वेगळी असल्यामुळे लेन्सवर टोपण राहिलं तरी तुम्हाला सगळं छान स्वच्छ दिसत राहतं. माझं झालंय. पालखी पुण्यात आली होती, मी फर्ग्युसन रोडला सकाळपासून उभा, गळ्यात यशिका इलेक्ट्रो, टाळवाले, तुळस डोक्यावर घेतलेल्या आज्या, एक म्हातारबाबा तर थांबून कॅमेऱ्याकडे बघून हसले, आणि चौदाव्या की पंधराव्या फोटोला बोट लेन्सवर गेलं तेव्हा कळलं टोपण तसंच आहे. इलेक्ट्रोचा उजेड मोजणारा डोळा बॉडीवर असतो, लेन्सवर नाही, त्यामुळे त्या बिचाऱ्याला पण पत्ता नाही. कॅननेट म्हणून दुसरा कॅमेरा आहे, त्याचा डोळा लेन्सच्या रिंगमध्येच आहे, त्यामुळे टोपण लावून ऑटोवर दाबलं तर शटर पडतच नाही. तेव्हापासून माझ्याकडे एकाही रेंजफाइंडरला टोपण नाही, एक साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवतो.

तर लेन्सचा हिशेब. १.७ आणि २.८ मध्ये फरक जवळजवळ दीड स्टॉपचा, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. आपल्याकडच्या उन्हात ४०० आयएसओचा रोल टाकला तर एक्सपोजर येतं शटर १/५०० सेकंद आणि एफ १६. या जपानी कॅमेऱ्यांचं शटर १/५०० च्या वर जातच नाही. म्हणजे दिवसा रस्त्यावर १.७ उघडायची सोयच नाही, ती काच ज्यासाठी जादा पैसे मोजले ती सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच नुसती शोभेची. ती कामाला येते रात्री, घरात, लोकलच्या डब्यात. आणि तिथे पूर्ण उघडल्यावर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं शार्प येतं ते, एवढी कमी होते की पॅच नीट दिसला नाही तर डोळ्याऐवजी कान शार्प येतो. म्हणजे लेन्स जेवढी फास्ट तेवढी खिडकी चांगली हवी. अंधुक पॅचवाल्या १.७ पेक्षा लखलखीत पॅचवाला २.८ कधीही घ्या, निदान सगळे फोटो हातात तरी येतात.

खिडकी बघायची कशी ते सांगतो. कॅमेरा दुकानात बघायला दुपारी जाऊ नका, दिवे लागायच्या वेळेला जा, भर उजेडात कुठलाही पॅच बरा दिसतो. खिडकीचं ग्रिल, विजेचा खांब, दाराची चौकट असली उभी रेघ पकडा आणि रिंग फिरवून दोन रेघा एक करा. मग तीच रेघ आडवी करून बघा, म्हणजे एखाद्या आडव्या गजावर पॅच आणा, एक चित्र वर आणि एक खाली असेल तर तो कॅमेरा कधीतरी पडलाय किंवा कोणीतरी उघडलाय. हे दुरुस्त होतं पण खर्च धरूनच भाव करा. मग रिंग पार शेवटपर्यंत इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेला, न्या आणि लांबची बिल्डिंग बघा, मिळाली तर एखादी टेकडी, रात्र असेल तर चंद्र सगळ्यात बेस्ट. दोन चंद्र दिसले तर सेटिंग हललंय.

पॅच फिका असेल पण जागेवर असेल तर एक जुगाड आहे. इलेक्ट्रिशियनची काळी टेप, तिचा मुगाच्या डाळीएवढा तुकडा पुढच्या मोठ्या खिडकीच्या काचेवर बरोबर मधे चिकटवा. मागचं चित्र तेवढ्या भागात काळं पडतं आणि पॅचमधलं एकटंच उठून दिसतं.

चष्मेवाल्यांसाठी वेगळं लिहायला हवं, मी पण त्यातलाच. चष्म्यामुळे डोळा खिडकीपासून लांब राहतो आणि फ्रेमच्या कडेच्या रेघा दिसतच नाहीत, मग माणूस अंदाजाने फोटो काढतो आणि पाय कापले जातात. म्हणून चष्मा लावूनच चेक करा, चारी कोपरे एकदम दिसतात का. शिवाय काही कॅमेऱ्यांच्या मागच्या खिडकीची कड धातूची असते, रशियन झॉर्की त्यात कुप्रसिद्ध, चष्म्याच्या काचेवर गोल ओरखडा पडतो, साडेतीन हजाराचा प्रोग्रेसिव्ह माझा त्यातच गेला. झॉर्की ४ ला नंबर अ‍ॅडजस्ट करायचा खटका आहे, चष्मा काढून बघता येतं, पण मग प्रत्येक फोटोला चष्मा वर-खाली, रस्त्यावर ते जमत नाही.

आता मॉडेल. दुसरा प्रश्न इथे येतो, बॅटरी संपल्यावर हा गडी काय करतो?

कॅननेट क्यूएल१७ जीथ्री, १९७२ चा, ४० एमएम एफ १.७. सगळ्यात गाजलेला आणि म्हणूनच सगळ्यात महाग विकला जाणारा. रोल भरायला एकदम सोपा, पट्टी लाल खुणेपर्यंत ओढा, झाकण लावा, संपलं. ऑटोमध्ये शटरचा स्पीड तुम्ही निवडता आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, तो लावतो. बॅटरी नसेल तर सगळं हाताने चालतं, शटर मेकॅनिकल आहे. पण हाताने चालवताना उजेड मोजणारा मीटर बंद, म्हणजे उजेडाचा अंदाज स्वतः शिकावा लागतो. फसवणूक एकच, नुसतं "कॅननेट" म्हणून कॅननेट २८ गळ्यात मारतात, तो दिसायला भाऊच आहे पण त्याच्यात स्पीड आपल्याला निवडता येत नाही.

यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन, १९७३ चा, ४५ एमएम एफ १.७. आपल्याकडे काकांच्या कपाटात हाच निघतो. याच्यात उलटं, अ‍ॅपर्चर तुमचं आणि स्पीड त्याचा, ३० सेकंदांपर्यंत जातो. रात्री गणपतीच्या मंडपात दिव्यांवर ठेवून बघा, नुसता दाबून धरायचा आणि वाट बघायची, एक्सपोजर असं येतं की बस. वाइट बाजू म्हणजे साडेसातशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि बॅटरी गेली की फक्त १/५०० वरच चालतो. दुसरं, आत एक रबराचा तुकडा असतो, पन्नास वर्षांत त्याचा चिकट चोथा होतो आणि स्पीड वाट्टेल तसे यायला लागतात. ओळखायचं कसं, रोल पुढे घ्यायची लिव्हर ओढताना आतून एक हलकासा "खट्" ऐकू यायला हवा, नाही आला तर समजून जा.

ऑलिम्पस ३५ आरसी, १९७० चा, ४२ एमएम एफ २.८, चारशे ग्रॅमच्या थोडा वर. माझा रोजचा हाच. खिडकीतच स्पीड आणि अ‍ॅपर्चर दोन्ही दिसतं, बॅटरीशिवाय चालतो, जॅकेटच्या खिशात मावतो. स्लो स्पीड १/१५ पर्यंतच, मला आजवर कमी पडला नाही. विकणारे ट्रिप ३५ ला पण रेंजफाइंडर म्हणतात, ते सपशेल खोटं, त्याच्यात अंतर अंदाजाने लावायचं असतं. तसंच एक्सए आणि एक्सए२ चं, १९७९ चा एक्सए खरा रेंजफाइंडर, एक्सए२ नाही. एक्सए बाकी भन्नाट, सव्वादोनशे ग्रॅम, सरकतं झाकण असल्यामुळे टोपणाची भानगडच नाही, आणि दोन एलआर४४ वर चालतो ज्या कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळतात. पण पॅच बारीक आणि फिका, आणि बॅटरीशिवाय दगड.

झॉर्की, फेड वगैरे रशियन मंडळी. स्वस्त, लेन्स बदलता येते, ज्युपिटर ८ ही ५० एमएम एफ २ लेन्स खरंच गोड आहे. मीटर बहुतेकांना नाही. झॉर्की ४ मध्ये एक नियम पाळाच, आधी गोल चकती फिरवून (याला लिव्हर नसते) रोल पुढे घ्या आणि मगच स्पीड बदला, उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते. कापडी पडदा असतो, त्यामुळे उन्हात लेन्स सूर्याकडे करून बाकावर ठेवून चहा प्यायला जाऊ नका, भिंगाने कागद जळतो तसं भोक पडतं. पहिला कॅमेरा म्हणून मी तरी नाही सुचवणार.

लायका? एम३ १९५४ चा, त्याची खिडकी अजून कोणाला जमली नाही, ५० एमएम वाल्यांसाठी स्वर्ग. एम६ तर २०२२ पासून नवा पण मिळतो. पण बजेट पंधरा हजार म्हणाल्यावर हा परिच्छेद इथेच संपतो.

बॅटरीची कटकट. कॅननेट आणि आरसीला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती बंद होऊन जमाना झाला. तिच्या जागी साधी दीड व्होल्टवाली टाकली तर मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. उपाय मेडिकलमध्ये मिळतो, कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल, १.४ व्होल्ट, जवळजवळ परफेक्ट. आकाराने लहान असतो म्हणून भोवती प्लंबरकडचा रबरी वायसर बसवायचा. स्टिकर काढला की सेल सुरू होतो आणि वापरा न वापरा महिना-दोन महिन्यात संपतो, त्यामुळे पाकीट घेऊन ठेवा. इलेक्ट्रोला ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते, जागा उरते तिथे पुठ्ठ्याची गुंडाळी आणि एक स्प्रिंग, बास.

विकत घेताना बाकीचं पटापट. मागचं झाकण उघडा, कडेचा काळा फोम बोटाला डांबरासारखा लागला तर बदलावा लागेल, काळी लोकर चिकटवून घरी होतं. झाकण उघडं ठेवूनच सगळ्यात कमी स्पीडवर शटर मारा आणि आरपार बघा, शटरची पाती उघडून अर्धवट अडकत असतील तर त्यांच्यावर तेल उतरलंय. मग मोबाइलचा टॉर्च लेन्समधून तिरका मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की फंगस. कोकण आणि मुंबईतून निघालेल्या कॅमेऱ्यात हे हमखास. मी एकदा जुन्या बाजारात टॉर्च मारायचा आळस केला, विकणारा "एकदम मिंट आहे साहेब" म्हणत होता, घरी येऊन बघतो तर आत रांगोळी. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये अजिबात ठेवू नका, चामडं ओल धरतं, हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून दोन-तीनदा बाहेर काढून चालवायचा.

आणखी एक, लायका सोडला तर यातला कुठलाच ८०-९० सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाही. मिसळीच्या प्लेटचा फोटो मोबाइलनेच काढा.

भाचा चष्मेवाला, डोंबिवली ते सीएसएमटी रोज लोकल, गर्दीत एका हाताने दांडी धरलेली. त्याला आरसी घ्यायला लावला, चांगली खिडकी असलेला पीस मिळायला पाच आठवडे गेले, मधे दोन कॅननेट बघून परत केले.

घेतल्यावर पहिला रोल लग्नाला-बिग्नाला नेऊ नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाच-सहा स्कूटर ओळीत लागलेल्या असतात ना, तिथे संध्याकाळी तिरकं उभं राहा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, तिसऱ्या गाडीच्या नंबर प्लेटवर पॅच जुळवा आणि दाबा. मग दीड मीटरवरून, मग तीन मीटरवरून. वहीत लिहून ठेवा कुठला फोटो कुठल्या अंतरावरून. रोल धुऊन आला की बघा तिसरीच प्लेट वाचता येते का. दुसरी वाचता आली तर ते फोटो घेऊनच रिपेअरवाल्याकडे जा, कारण नुसतं "फोकस जरा गंडलाय" सांगितलं तर तो "बघतो" म्हणणार आणि कॅमेरा दिवाळीपर्यंत त्याच्या कपाटात.