शेक्सपिअरचं नाटक नक्की कोणाचं? या वाटेने येणाऱ्यांसाठी

शेक्सपिअरच्या नावावरची नाटकं खरं तर ऑक्सफर्डचा अर्ल, म्हणजे एडवर्ड डी व्हिअर या उमरावाने लिहिली, असं काही जण मानतात. एम. ए.ला असताना मी या वादात शिरले ती या अर्लमुळे. हातमोजे करणाऱ्याच्या मुलाला, म्हणजे शेक्सपिअरला, राजदरबार इतका बारकाईने कसा ठाऊक असेल, हा अर्लचा दावा मांडणाऱ्या लूनी या लेखकाने १९२० साली उपस्थित केलेला संशय मला बिनतोड वाटला आणि त्यात माझं अख्खं सत्र गेलं. अर्ल १६०४ मध्येच वारला होता. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ नाटकामध्ये तर १६०९ साली बर्म्युडाजवळ फुटलेल्या जहाजाच्या हकिकतींचे पडसाद आहेत. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. कारागिराच्या पोराला हे जमणारच नाही, हे गृहीतक मीही मुकाट्याने मान्य केलं होतं.

तुम्ही सुरुवात ‘आठवा हेन्री’पासून करा. १६१३ मध्ये ग्लोब नाट्यगृह जळालं ते याच नाटकाच्या प्रयोगात. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत, ते एकट्या शेक्सपिअरच्या नावावर आहे. १८५० साली जेम्स स्पेडिंग या अभ्यासकाने दाखवलं की काही प्रवेशांत ओळीच्या शेवटी आघात नसलेलं एक जादा अक्षर वारंवार येतं, आणि ही लकब शेक्सपिअरचा समकालीन नाटककार जॉन फ्लेचर याची. पुढच्या अभ्यासकांनी अगदी किरकोळ शब्द धरले: फ्लेचर ‘यू’ऐवजी ‘यी’ आणि ‘देम’ऐवजी ‘एम’ सढळ हाताने वापरतो.

हे नुसतं वाचू नका, स्वतः मोजा. वहीत प्रवेशवार रकाने पाडा आणि खुणा करत जा. मी पेन्सिलीने मोजलं तेव्हा दोन माणसं कानाला वेगवेगळी ऐकू यायला लागली. शोधपेटीत शब्द टाकून आलेल्या आकड्यांनी तसं झालं नव्हतं. प्रत मात्र जुन्या वर्णलेखनाची घ्या, कारण आधुनिक आवृत्त्यांत या खुणा बदललेल्या असू शकतात. छापखान्यात खिळे जुळवणारेही आपापल्या सवयीने शब्द बदलत. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका. वृत्त, शब्द, शपथा, सगळं एका दिशेला जातंय का ते बघा.

याच नाटकातल्या, सत्तेवरून उतरलेल्या कार्डिनल वूल्झीचा निरोप मला पदवीपासून पाठ होता, शेक्सपिअरचा म्हणून. माझ्या वहीत तो फ्लेचरच्या रकान्यात गेला. त्या दिवशी मी तो पुन्हा मोठ्याने म्हटला, आणि तो तितकाच आवडला.