उन्हाळी भुईमूग: आऱ्या सुटताना वरची माती मऊ ठेवा

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरलेला भुईमूग मार्चच्या मध्याला आऱ्या, म्हणजे फुलाच्या जागेवरून निघून मातीत शिरणारे आणि शेंग धरणारे देठ, सोडू लागतो. पेरणीनंतर 40-45 दिवसांचा हा टप्पा. शेंगा किती लागणार हे बरंचसं इथेच ठरतं, त्यामुळे या दिवसांत पाण्याची पाळी चुकवू नका.

झाडाची फांदी हळूच उचलून बुडाशी बघा. फूल सुकलेल्या जागेवरून जांभळट, टोकदार आरी निघालेली दिसेल. फांदी कशीही आडवी-तिरकी असो, आरीचं तोंड जमिनीकडेच असतं. आरीतल्या काही पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते पेशीच्या तळाशी बसतात आणि खाली कुठे आहे हे पेशीला कळतं. मग ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक आरीच्या वरच्या अंगाला जास्त जमतं, ते अंग भरभर वाढतं आणि आरी खाली वळते. कुंडीतलं झाड आडवं करून ठेवलं, तर काही तासांतच टोकं पुन्हा जमिनीकडे वळू लागतात.

तेव्हा दिशा आरीवर सोडा. तिला अडवतात कडक माती आणि अंतर. ती साधारण 15 सेंटिमीटर लांबते. त्याहून उंचावर सुटलेली बहुधा हवेतच वाळते. मातीतला अंधार मिळाल्याशिवाय शेंग धरत नाही.

कोळपणी आणि भर लावणं (झाडाच्या बुडाशी माती चढवणं) आऱ्या सुटण्याआधीच उरका. आऱ्या मातीत शिरल्यावर कोळपं अजिबात नको; मोठं तण असेल तर हाताने काढा. तुटलेल्या आरीची शेंग गेलीच. उन्हाने वरचा थर टणक होण्याआधी हलकं पाणी द्या. तुषार सिंचन असेल तर उत्तम, वाफसा टिकतो.

निमपसऱ्या आणि पसऱ्या वाणांवर रिकामा ड्रम फिरवला की फांद्या जमिनीला टेकतात, आऱ्यांचं अंतर कमी होतं. पण खालची माती कडक असेल तर त्याचा उपयोग नाही. आधी पाणी, मग ड्रम. उपट्या, म्हणजे उभट वाढणाऱ्या, वाणात मला भर लावणंच जास्त खात्रीचं वाटतं.

जिप्समचा दुसरा हप्ता, हेक्टरी 200 किलो, आताच द्या. वाढणारी शेंग कॅल्शियम मुळांकडून नाही, आजूबाजूच्या मातीतून थेट घेते. म्हणून जिप्सम झाडाच्या बुडाशी, आऱ्या उतरतात त्या पट्ट्यात टाका आणि लगेच पाणी द्या.