मॉडेल रेल्वे अडखळते? इंजिन खोलण्याआधी या चुका तपासा

गाडी कंट्रोलरजवळ झकास धावते, पलीकडच्या वळणावर मंदावते आणि पॉइंटवर, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागी, येऊन थांबते. बोटाने जरा ढकललं की पुन्हा चालू. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी इंजिनाच्या स्क्रूकडे जातो. नका खोलू. दोष बहुधा रुळात नाहीतर तारेत असतो, आणि तो मल्टीमीटरने सापडतो.

फिशप्लेटवर विसंबू नका

फिशप्लेट म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारी धातूची पट्टी. तिचं काम रूळ एका रेषेत धरायचं. वीजही तिनेच वाहावी अशी अपेक्षा ठेवली की घोळ सुरू होतो. नवी असते तोवर चालून जातं, पण सांगली-मिरजेकडचा एखादा पावसाळा गेला की सांध्यात ऑक्साइड साचतो आणि प्रत्येक सांधा थोडं थोडं व्होल्टेज खातो. तपासताना आणखी एक फसगत होते. रुळावर काही नसताना मीटर लावला तर दोन्ही टोकांना 12 व्होल्ट दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. करंट वाहत असेल तरच व्होल्टेज पडतं, त्यामुळे इंजिन पलीकडच्या टोकाला चालू ठेवून तिथेच मोजा.

यावर उपाय एकच: फळीखालून दीड स्क्वेअर एमएमच्या दोन मल्टीस्ट्रँड तारा फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यातून अर्ध्या स्क्वेअर एमएमचा फीडर, म्हणजे वीज पोचवणारी तार, द्या. लाल आतल्या रुळाला, काळी बाहेरच्या, हे ठरलं की शेवटपर्यंत बदलायचं नाही.

टाके मारताना कमी वॅटचं सोल्डरिंग आयर्न बराच वेळ टेकवलं तर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. त्यापेक्षा 60 वॅटचं घ्या, रूळ आणि तार आधी टिन करा (सोल्डरचा पातळ थर द्या) आणि दोन सेकंदांत टाका उरका. फ्लक्स रॉझिनचाच हवा. पत्र्याच्या कामाचं अ‍ॅसिड वापरलं तर सांधा हिरवा पडून सुटतो.

पण म्हणून सगळे सांधे डाखून टाकू नका. निकेल-सिल्व्हरचा एक मीटर रूळ 20 अंशांच्या फरकाने साधारण 0.3 मिलिमीटर वाढतो. चार मीटर सलग डाखले की एप्रिलच्या दुपारी रूळ नागमोडी झालेला दिसेल. मध्ये मध्ये सुटे सांधे आणि बारीक फट ठेवा.

लूपमधला शॉर्ट

गाडी वळून त्याच मार्गाने परत यावी म्हणून लूप टाकला, की डावा रूळ फिरून उजव्याला मिळतो. दोन रुळांच्या मॉडेलमध्ये हा सरळ शॉर्टच. लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून इन्सुलेटेड जॉइनर बसवा. डीसी (रुळातल्या व्होल्टेजवर वेग ठरतो) असेल तर त्या भागाला ध्रुव उलटवणारा डीपीडीटी स्विच, डीसीसी (रुळातून डिजिटल आज्ञा जातात) असेल तर तेच काम आपोआप करणारा ऑटो रिव्हर्सर. कापलेला भाग सगळ्यांत लांब गाडीपेक्षा लांब हवा, नाहीतर डब्यांची धातूची चाकं एकाच वेळी दोन्ही फटी जोडतात आणि कंट्रोलर ट्रिप होतो.

डीसीसीवाल्यांनी एक रुपयाचं नाणं हाताशी ठेवावं. ते रुळांवर आडवं टाकलं की कुठल्याही कोपऱ्यात बूस्टर, म्हणजे रुळाला वीज पुरवणारा डबा, लगेच ट्रिप झाला पाहिजे. नाही झाला, तर तिथे फीडर कमी आहेत.

सोलेनॉइडच्या (विद्युतचुंबकी कॉइलच्या) पॉइंट मोटरला घरातलं साधं चालू-बंद बटण लावू नका. कॉइल क्षणभराच्या झटक्यासाठी असते, करंट चालू राहिला तर जळते. दारावरच्या बेलचं स्प्रिंगचं बटण चालेल.

मापांची गल्लत

एचओ 1:87 आणि ओओ 1:76 ही मॉडेलची दोन प्रमाणं, पण दोघांत दोन रुळांमधलं अंतर (गेज) 16.5 मिलिमीटरच. म्हणून विकणाराही बिनदिक्कत एकत्र देतो आणि शेजारी उभे केले की डबे विजोड दिसतात. मिरज जंक्शनचा देखावा करणाऱ्यांनी तर आधी गणित मांडावं, कारण तिथे एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज होते. बार्शी लाइट रेल्वेचं 762 मिलिमीटरचं नॅरोगेज 1:87 ने पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे एन या छोट्या स्केलचा 9 मिलिमीटरचा रूळ छान जमतो. आपलं ब्रॉडगेज मात्र 1676 मिलिमीटरचं, ते 19.3 यायला हवं. बाजारचा 16.5 चा रूळ त्यापुढे अरुंदच दिसणार. माझ्या मते ते चालवून घ्यावं. हाताने रूळ बांधायचा हट्ट धरलेले लेआउट सहसा पुरे होत नाहीत.

फळीला मरीन प्लाय घ्या, आयएस 710 चा, आणि खालून आडव्या पट्ट्या मारा. हार्डबोर्ड दमट हवेत पोट सोडतो. नदीकाठच्या भागात राहत असाल तर लेआउट तळमजल्यावर नको, 2019 चा पूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको.

खडी सर्वांत शेवटी

वायरिंगची पूर्ण तपासणी होईपर्यंत खडी टाकू नका. चिकटल्यावर तुटका फीडर शोधणं म्हणजे सगळं उकरणं. आणि कृष्णेची वाळू किंवा काळ्या दगडाची कच वापरणार असाल तर ती कागदावर पसरून वरून लोहचुंबक फिरवा. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं; चुंबकाला काळी मिशी फुटते. तेच कण पुढे इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. गोंद पातळ करून ड्रॉपरने सोडताना पॉइंटच्या पात्यांपासून दूर राहा, आणि तो वाळेपर्यंत दर थोड्या वेळाने पॉइंट हाताने इकडून तिकडे हलवत राहा.